फळ्या रिकाम्या, गोदामं तुडुंब

२०१३ साली टार्गेट ही अमेरिकेतली बडी दुकानसाखळी कॅनडात उतरली. झेलर्स या जुन्या कॅनेडियन साखळीच्या जागांचे हक्क तिने दोन वर्षं आधीच १८२.५ कोटी कॅनेडियन डॉलर मोजून घेतले होते. लोकांना उत्सुकता भारी. सीमा ओलांडून अमेरिकेतल्या टार्गेटमध्ये खरेदीला जाणारे कॅनेडियन काही कमी नव्हते. आता तेच दुकान आपल्या गावात आलं म्हणून ते हौसेने आत शिरले, आणि त्यांना दिसल्या रिकाम्या फळ्या.

माल नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. त्याच दिवसांत कंपनीच्या वितरण गोदामांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. गिऱ्हाईक दुकानातून हात हलवत परत जातंय, माल गोदामात खोक्यांत पडून आहे, आणि या दोघांच्या मधे बसलेल्या संगणकाला यात काही वावगं वाटत नाहीये! हे कसं घडू शकतं, याचा शोध घेत गेलं की धंद्याच्या नोंदी, त्या नोंदींतून उठणारी चित्रं आणि त्या चित्रांवर होणारे निर्णय यांचं एक विलक्षण जग उघडतं.

त्या संगणकात होती ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब हे सगळं एकाच ठिकाणी सांभाळणारी प्रणाली. अमेरिकेतली आपली प्रणाली टार्गेटने वर्षानुवर्षं खपून स्वतःच घडवली होती. पण तिला कॅनेडियन डॉलर झेपत नव्हता आणि फ्रेंच अक्षरंही झेपत नव्हती. म्हणून जर्मनीच्या सॅप कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. ते काही ऐरंगैरं नव्हे, जगातल्या बड्या बड्या कंपन्या त्यावर चालतात. अडचण एवढीच, की असं सॉफ्टवेअर येतं तेव्हा रिकामं असतं. त्यात सुमारे ७५,००० वस्तूंची माहिती भरायची होती, आणि प्रत्येक वस्तूचे कितीतरी रकाने: लांबी, रुंदी, उंची, एका खोक्यात किती नग, किंमत कुठल्या चलनात, जकातीचा कोड काय. मुदत तोंडावर आलेली. हे काम बहुतेक करून नव्याने नोकरीला लागलेल्या तरुण मदतनिसांकडे आलं, आणि पुरवठादारांकडून मिळेल ती माहिती त्यांनी मिळेल तशी भरली. कुठे सेंटिमीटरच्या रकान्यात इंच गेले, कुठे लांबीच्या जागी रुंदी. कुठे चलन चुकलं, कुठे रकाना कोराच राहिला. पुढे तपासणी झाली तेव्हा अंदाज निघाला, की कॅनडातली जेमतेम ३० टक्के माहिती बरोबर आहे. अमेरिकेत हेच प्रमाण ९८-९९ टक्के होतं.

इंच-सेंटिमीटरची चूक ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून जरा हिशेब करू. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. खोक्याच्या तिन्ही बाजू इंचांत मोजून सेंटिमीटरच्या रकान्यांत भरल्या, तर आकारमान २.५४ गुणिले २.५४ गुणिले २.५४ इतकं चुकतं, म्हणजे सोळा पटींहून जास्त. संगणकाच्या लेखी जिथे सोळा खोकी मावतात, तिथे प्रत्यक्षात एकच मावतं. कंटेनर किती लागतील, फळीवर किती नग बसतील, गोदामात किती जागा राखायची, हे सगळं गणित याच आकड्यावर उभं. गणितात एकही चूक नाही, आणि उत्तर सपशेल खोटं.

पण या प्रकरणातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. किती वस्तू फळीवर हजर आहेत याचा टक्का वरिष्ठ पाहायचे, आणि साठ्याची जबाबदारी असलेल्या विश्लेषकांचं काम त्या टक्क्यावर जोखलं जायचं. प्रणालीत प्रत्येक वस्तूसाठी एक कळ होती: साठा कमी झाला की नवा माल आपोआप मागवायचा की नाही. काही विश्लेषकांच्या ध्यानात आलं, की ही कळ बंद ठेवली तर ती वस्तू ‘संपली’ अशी मोजलीच जात नाही. मग काय, कळ बंद आणि टक्का झकास! फळी मात्र रिकामीच, आणि ती भरायला नवा माल निघणारही नाही, कारण मागवणारी कळच मिटलेली. प्रकार उघडकीला आला तेव्हा ती मुभा काढून घेतली गेली. जानेवारी २०१५ मध्ये टार्गेटने कॅनडा सोडत असल्याचं जाहीर केलं. १३३ दुकानं बंद झाली, १७,६०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. चढ्या किमती, चुकलेल्या जागा, अवाजवी घाई अशी इतरही कारणं होती, सगळं खापर रकान्यांवर फोडणं अन्यायाचं होईल. तरी नोंद आणि निर्णय यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नोंदींतून धंद्याचं चित्र वाचण्याच्या या विद्येला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात, आपल्याकडे नुसतं बीआय. तिच्यावर बोलणारे बहुतेक जण सुरुवात करतात डॅशबोर्डपासून, म्हणजे रंगीत आलेखांनी भरलेल्या त्या पडद्यापासून. मला वाटतं सुरुवात कारखान्याच्या गेटपासून करावी.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर पोलादाच्या पत्र्यांचा ट्रक आला. वजनकाटा झाला, चलान पाहिलं, आणि स्टोअरकीपरने पीओचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर टाकून जीआरएन केला, म्हणजे माल मिळाल्याची नोंद केली. दहा टन. सेव्ह. त्याच्या दृष्टीने काम संपलं, तो पुढच्या ट्रककडे वळला. पण त्या एका ‘सेव्ह’मागे काय काय झालं ते बघा. साठा दहा टनांनी वाढला. खरेदीच्या पीओवरची बाकी तितकीच उतरली. ताळेबंदात साठ्याच्या खात्याला नावे आणि ‘माल आला, बिल यायचंय’ अशा एका मधल्या खात्याला जमा पडली. क्वालिटीवाल्यांकडे तपासणीचं काम जाऊन बसलं. पुरवठादार दोन दिवस उशिरा आला, हे त्याच्या नावावर कायमचं लिहिलं गेलं. रात्री नियोजनाचा हिशेब पुन्हा मांडला जाईल तेव्हा पुढच्या आठवड्याचं उत्पादन या दहा टनांवर ठरेल, आणि त्यावरून कुणा गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची तारीख दिली जाईल. १४९४ साली व्हेनिसमध्ये ल्युका पाचोलीने ज्या द्विनोंदी पद्धतीवर छापील पुस्तकात लिहिलं, ती पद्धत या स्टोअरकीपरने आत्ता पाळली, आणि त्याचा त्याला पत्ताही नाही. मला हे अजूनही अद्भुत वाटतं. हिशेबनीस नसलेली शेकडो माणसं दिवसभर आपापली कामं करतात, आणि संध्याकाळी कंपनीची वही लिहून तयार असते!

धंद्याचा रोजचा हिशेब संगणकाने ठेवावा, ही कल्पना कुठल्या संगणक कंपनीच्या नव्हे, तर चहा-केक विकणाऱ्या एका कंपनीच्या डोक्यात आधी आली. लंडनची जे. लायन्स अँड कंपनी. तिची चहाची दुकानं शहरोशहरी होती, आणि पाव-केकच्या लाखो बारीकसारीक विक्रींचा हिशेब ठेवताना कारकुनांची फौज थकून जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीने केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक संगणकाच्या कामाला पैशांची मदत केली, आणि त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ च्या अखेरीस लिओवर बेकरीतल्या मालाच्या मूल्याचा साप्ताहिक हिशेब होऊ लागला. एखाद्या धंद्याचं रोजचं काम संगणकावर नेमाने चालण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात.

त्याहून सुरेख आहे ती १९५४ ची चहाच्या दुकानांची योजना. प्रत्येक दुकानाची वारानुसार एक ठरीव मागणी लिओकडे असायची. दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी दुपारी मुख्य कचेरीत फोन करून फक्त फरक सांगायचा: आज अमुक केक दोन डझन जास्त, तमुक पाव एक डझन कमी. फोन ऐकता ऐकताच इकडे कार्डं पंच व्हायची. लिओ त्यावरून माल भरण्याच्या याद्या काढायचा, आणि उद्याचा माल वेळेत निघायचा. ठरीव तेवढं एकदाच नोंदवायचं आणि माणसाला फक्त बदल विचारायचा, ही युक्ती किती खोल आहे! आजही अनेक कंपन्यांच्या पडद्यांवर माणूस तोच तोच पत्ता, तोच तोच दर पुन्हा टंकत बसलेला दिसतो, तेव्हा मला त्या दुकानातल्या बाई आठवतात.

पुढचा टप्पा अमेरिकेतला, कारखान्यांचा. जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने १९६० च्या दशकात एक साधी दिसणारी गोष्ट लावून धरली. सायकली किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो, पण चाकं किती लागतील याचा अंदाज कशाला? सायकली गुणिले दोन. उत्पादनाच्या यादीवरून, म्हणजे बीओएमवरून, प्रत्येक सुट्या भागाची गरज आणि तारीख उलट मोजत यायची. यातून एमआरपी ही पद्धत निघाली, १९६४ मध्ये ब्लॅक अँड डेकरने ती वापरात आणली, आणि तिच्यात हळूहळू हिशेब, माणसं, विक्री जोडत १९९० च्या सुमारास ईआरपी हे नाव रूढ झालं.

मधे १९७२ साली आयबीएम सोडून सॅप काढणारे पाच जर्मन अभियंते येतात. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा ओस्ट्रिंगेन गावचा नायलॉन कारखाना. पाचजणांकडे स्वतःचा संगणक नव्हता, म्हणून ते गिऱ्हाइकाच्याच संगणकावर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करायचे. त्या काळी नोंदी कार्डांवर साठवून नंतर एकगठ्ठा संगणकात घालायची रीत होती. यांचा हट्ट असा, की नोंद पडद्यावर झाली की त्याच क्षणी सगळीकडे लागू झाली पाहिजे. सॅपच्या जुन्या आवृत्त्यांची नावं आर/२, आर/३ अशी आहेत. त्यातला ‘आर’ म्हणजे रिअल टाइम, तत्क्षणी.

आता इथे एक पेच आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर तांत्रिक पेच वाटतो. नोंद करणं आणि प्रश्न विचारणं ही संगणकासाठी दोन परस्परविरुद्ध कामं आहेत.

लग्नात आहेराची वही असते. एका ओळीत नाव, गाव, नातं, पाकीट की भांडं, रक्कम. माणूस समोर आला की ओळ लिहिली, झालं. पण रात्री कुणी विचारलं, की कोल्हापूरकडच्या मंडळींची एकूण रक्कम किती? तर दोन रकान्यांसाठी अख्खी वही वाचावी लागते. नेहमीची डेटाबेस प्रणाली अशीच ओळीओळीने लिहिते, कारण तिला एकेक व्यवहार झटपट आणि बिनचूक लिहायचा असतो. एक कोटी बिलांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर रकाने असतील, तर एका साध्या बेरजेसाठी संगणक नको असलेले अठ्ठ्याण्णव रकानेही उपसतो. तेवढ्यात तिकडे बिल करणारा कारकून खोळंबतो. मंथ-एंडला ‘सिस्टीम स्लो आहे’ ही आरोळी कुठल्या कचेरीत ऐकू येत नाही?

यावरचा जुना तोडगा म्हणजे नोंदींची एक प्रत दररोज रात्री वेगळ्या ठिकाणी न्यायची, तिथे ती स्वच्छ करून प्रश्नांच्या सोयीने मांडायची. हे डेटा वेअरहाउस. अमेरिकेतल्या बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांनी १९९० च्या दशकात त्याचं शास्त्र पुस्तकांतून बांधून दिलं, आणि ते कसं बांधावं यावर दोघांच्या अनुयायांत अजून वाद चालतात. दुसरा तोडगा म्हणजे ओळीऐवजी रकाना सलग साठवायचा. सॅपच्या त्या पाचजणांपैकी एक, हासो प्लाटनर, यांनी २००९ मध्ये एक निबंध मांडला: सगळी माहिती संगणकाच्या चालू स्मृतीत, रकान्यांनी ठेवली, तर नोंदी आणि प्रश्न एकाच ठिकाणी नांदू शकतील. त्यातूनच पुढे सॅपची हाना ही प्रणाली आली.

रकान्याची जादू आकड्यांत बघा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. समजा, एक कोटी बिलांसमोर जिल्ह्याचं नाव लिहायचंय. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे अख्खं नाव लाखो वेळा लिहिण्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याला एक क्रमांक द्यायचा. ३६ क्रमांक सांगायला सहा बिट पुरतात, कारण सहा बिटांत ६४ वेगळे आकडे मावतात. एक कोटी गुणिले सहा म्हणजे सहा कोटी बिट, म्हणजेच ७५ लाख बाइट. एक कोटी बिलांचा जिल्हा मोबाईलमधल्या दोन-तीन फोटोंएवढ्या जागेत बसतो! मग बेरीज डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होते, यात नवल नाही.

यंत्राचा पेच इतका देखणा सुटला. माणसांचा पेच मात्र कुठल्याही स्मृतीत मावत नाही. कंपनीच्या मालकांनी विचारावं, ‘मार्चमध्ये विक्री किती झाली?’ सेल्सवाला सांगेल आलेल्या ऑर्डरींचा आकडा. डिस्पॅचवाला सांगेल गेटबाहेर गेलेल्या मालाचा. अकाउंट्सवाला म्हणेल, ३१ मार्चला निघालेला ट्रक गिऱ्हाइकाकडे ३ एप्रिलला पोचला, मालाचा ताबा तेव्हा गेला, तर ती विक्री या वर्षात धरता येत नाही. जीएसटीचं विवरण बिलाच्या तारखेने जाईल. चार आकडे, चारही खरे. बैठकीत मात्र तासभर भांडण होतं ते कुणाचा आकडा चुकला यावर. डेटा स्ट्रॅटेजी हे भारदस्त नाव ज्याला देतात, त्याचं निम्मं काम म्हणजे अशा शब्दांची व्याख्या एका पानावर लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेणं. कंटाळवाणं आहे. पण ते न करता आणलेला कुठलाही महागडा डॅशबोर्ड चार आकड्यांत पाचव्याची भर घालतो.

काळाचीही एक गंमत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, वाडा असे आठ तालुके तिकडे गेले. आता बोईसर-तारापूर पट्ट्यात भरपूर गिऱ्हाईक असलेल्या एखाद्या कंपनीचा विचार करा. गिऱ्हाइकाच्या मास्टरमध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या माहितीच्या नोंदीत, ठाणे पुसून पालघर लिहिलं, तर २०१० ची विक्रीही पालघरच्या नावावर दिसते, म्हणजे जो जिल्हा अस्तित्वातच नव्हता त्याच्या! जुन्या गिऱ्हाइकांचं तसंच ठेवून फक्त नव्यांना पालघर लावलं, तर एकाच गल्लीतली दोन दुकानं दोन जिल्ह्यांत जातात. जुना जिल्हा न पुसता बदल नोंदवला, तर ठाण्याचा आलेख ऑगस्टमध्ये कडा कोसळल्यासारखा पडतो, आणि ठाण्याच्या बिचाऱ्या सेल्स मॅनेजरला जाब विचारला जातो. किंबॉलने यावर सांगितलेली एक रीत मला फार आवडते. गिऱ्हाईक एकच, पण त्याच्या दोन नोंदी ठेवायच्या: एक अमुक तारखेपर्यंतची, दुसरी तिथून पुढची. प्रत्येक बिल त्या त्या वेळच्या नोंदीला बांधलेलं. मग ‘तेव्हाच्या नकाशाने’ आणि ‘आजच्या नकाशाने’ असे दोन्ही प्रश्न विचारता येतात. ही सोय आधी ठेवली नसेल, तर नंतर कुणी कितीही हुशार आला तरी ती आणता येत नाही, कारण पुसलेलं परत मिळत नाही.

न पुसलेल्या गोष्टींतून मात्र काय काय दिसतं! ईआरपीतल्या जवळपास प्रत्येक कृतीला वेळेचा शिक्का असतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या तांत्रिक विद्यापीठात विल व्हॅन डर आल्स्ट यांनी दाखवून दिलं, की फक्त तीन रकाने पुरेत: व्यवहाराचा क्रमांक, काय केलं, आणि केव्हा. एवढ्यावरून कंपनीत काम खरोखर कुठल्या वाटेने जातं याचा नकाशा संगणक स्वतः काढतो. या शास्त्राला प्रोसेस मायनिंग म्हणतात. म्यूनिकची सेलोनिस ही कंपनी २०११ पासून याच धंद्यावर उभी आहे. कार्यपद्धतीच्या फायलीत एक सरळ रेघ असते: मागणी, मंजुरी, पीओ, माल, बिल, पैसे. नकाशावर उमटतो तो मात्र गुंता. आधी बिल आलंय आणि पीओ नंतर काढलाय. मंजुरी मिळाल्यावर रक्कम बदललीये. एकच कागद तीन टेबलांमध्ये पाच वेळा फिरलाय. बिल आल्यावर मागच्या तारखेचा पीओ काढणं ही आपल्याकडची लाडकी कला आहे, पण वेळेचा शिक्का तिला दाद देत नाही. भारतात तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना कायद्यानेच असं लेखा-सॉफ्टवेअर वापरावं लागतं, की ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटचा धाक म्हणून हा नियम आला असेल. माझ्या मते देशभरच्या कंपन्यांना त्याने विनासायास एक खजिना मिळवून दिलाय, पण तो उघडून बघणारे फार थोडे.

मग कंपनीच्या नोंदींची आखणी करायची कशी? मी तरी कंपनीतल्या एक्सेल फायलींपासून सुरुवात करीन. ईआरपी असूनही लोक महिन्याच्या शेवटी डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेतात आणि त्यात आपले चार रकाने वाढवतात. वरिष्ठांना याचा राग येतो, ‘एक्सेल बंद करा’ असे फतवे निघतात. मला तो वाढवलेला रकानाच मोलाचा वाटतो. ईआरपी बसवणाऱ्यांना जो प्रश्न सुचला नाही, तो तिथे रंग भरून लिहिलेला असतो. ‘उशिराचं कारण’, ‘कोणाच्या ओळखीने आला’, ‘परत घेणार का’. असे सगळे रकाने गोळा केले, की कंपनीला खरोखर काय जाणून घ्यायचंय याची यादी आयती हाती येते.

यादी आधी हवी, कारण घडताना जे टिपलं नाही ते नंतर विचारता येत नाही. माल नाकारला, ४० नग. का नाकारला, हे लिहायला जागाच नसेल, तर वर्षाने कुठलाही बीआय ते सांगणार नाही. जागा मोकळी ठेवली, तर एकजण ‘गंज’ लिहितो, दुसरा ‘गंजलेला’, तिसरा ‘रस्ट’. म्हणून कारणांची ठरीव यादी द्यावी, तर तिच्या शेवटी ‘इतर’ असतं आणि सगळे जण तेच निवडतात. यावर मला माहीत असलेला एकच उपाय आहे: यादी लहान ठेवायची, ती स्टोअरमधल्या माणसाकडूनच करून घ्यायची, आणि दर तीन महिन्यांनी ‘इतर’ उघडून बघायचं.

मास्टर डेटाला धनी हवा. ६२०५ नंबरचं बेअरिंग एका प्लांटमध्ये ‘बेअरिंग ६२०५’, दुसरीकडे ‘६२०५ बॉल बेअरिंग’, तिसरीकडे कंपनीच्या नावाने. संगणकाच्या लेखी तीन वस्तू. एका स्टोअरमध्ये ती वर्षानुवर्षं पडून राहते आणि दुसरीकडे तातडीने चढ्या भावात विकत घेतली जाते. नवा आयटम कोड उघडण्याचा अधिकार एका माणसाकडे ठेवला तर लोक कुरकुरतात, कामं अडतात असं म्हणतात. कुरकुरू द्यावं. नट-बोल्ट किलोने येतात आणि नगाने खर्ची पडतात, हे रूपांतर मास्टरमध्ये चुकलं की पुढचा सगळा साठा काल्पनिक होतो.

सॉफ्टवेअर आपल्या सवयींना किती वाकवायचं, याचाही निर्णय आधीच घ्यावा लागतो. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सात वर्षांच्या खटपटीनंतर २०१८ मध्ये सॅपचा प्रकल्प गुंडाळला. त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. अडचणींतली एक फार बोलकी आहे. लिडल साठ्याचं मूल्य खरेदीच्या दराने धरायची, तर सॉफ्टवेअरची ठरीव रीत विक्रीच्या दराने धरायची होती. लिडलने आपली रीत सोडली नाही, आणि त्या हट्टापायी सॉफ्टवेअर खोलवर बदलावं लागलं. कुठली सवय धंद्याचा कणा आहे आणि कुठली नुसती सवय आहे, हे सांगणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

जुन्या प्रणालीतला इतिहास नव्या ईआरपीत सहसा आणत नाहीत, फक्त बाक्या आणि अर्धवट राहिलेले व्यवहार आणतात. ते योग्यच आहे. पण मग जुनी वर्षं वेअरहाउसमध्ये नेऊन ठेवायची तजवीज त्याच आराखड्यात हवी, नाहीतर पुढची दोन वर्षं ‘मागच्या वर्षीपेक्षा किती?’ या सर्वांत साध्या प्रश्नाला उत्तर नसतं. जुना सर्व्हर तोवर भंगारात गेलेला असतो.

आणि ज्या आकड्यावर माणसाची बढती ठरते, तो आकडा बदलू शकणारी कळ त्याच माणसाच्या हाती द्यायची नाही. आराखड्यात हे एक वाक्य लिहायला फार जागा लागत नाही.

हे सगळं फक्त बड्या कंपन्यांसाठी आहे असं समजून पान उलटणार असाल, तर थोडं थांबा. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट नावाची प्रणाली मुक्तस्रोत आहे, कुणालाही मोफत उतरवून घेता येते. ती घरच्या संगणकावर बसवा. एक काल्पनिक कंपनी काढा, एक आयटम, एक पुरवठादार. एक पीओ करा, त्यावर माल मिळाल्याची नोंद करा आणि सेव्ह करून सबमिट करा. हिशेबाच्या पडद्याला अजून हातही लावलेला नसेल. आता लेजर उघडा: साठ्याला नावे पडलेली असेल, ‘माल आला, बिल यायचंय’ या खात्याला जमा, आणि दोन्ही ओळींवर तुमचं नाव आणि आत्ताची वेळ असेल.